मदत हवी आहे: केप फक्त ५००, तरी एन्हान्स्ड रिस्क?

वादळवेडा (बुधवार)
शनिवारी वादळाच्या चेसला (पाठलागाला) निघायचं की नाही, आज रात्रीच ठरवायचंय. सुट्टीचा अर्ज अडलाय. एसपीसीने (अमेरिकेचं वादळ अंदाज केंद्र) ३० टक्के धोका दिलाय, म्हणजे एन्हान्स्डच्या (पाचपैकी तिसऱ्या पायरीच्या) तोडीचा, पण हवामान मॉडेलमध्ये केप (वादळाला हवेतून मिळणारी ऊर्जा) जेमतेम ५००. मे महिन्यात कॅन्ससमध्ये ३००० च्या खाली मी गाडीच काढत नाही. एवढ्याशा केपवर टोर्नेडो होतात का? लवकर सांगा.

ढगोबा
राज्य कुठलं? मॉडेल कुठलं? ५०० सरफेस-बेस्ड (जमिनीलगतच्या हवेवरून काढलेलं) की मिक्स्ड-लेयर (खालच्या थराच्या सरासरीवरून)?

वादळवेडा
जिथे रिस्क आहे तिथेच हो, दक्षिणेत. होतात की नाही एवढंच विचारतोय.

गारपीट
केप-बिप सोडा, एचआरआरआर (कमी पल्ल्याचं बारीक मॉडेल) उघडा. अपड्राफ्ट हेलिसिटीच्या (वर चढणाऱ्या हवेच्या फिरकीच्या) लांब पट्ट्या दिसल्या की निघायचं. मी दुसरं काही बघतच नाही.

ढगोबा
@गारपीट, आज बुधवार. एचआरआरआर जास्तीत जास्त ४८ तास पुढचं दाखवतं, तेही ००, ०६, १२ आणि १८ झेडच्या (ग्रिनिच वेळेच्या) रनलाच, म्हणजे मॉडेलच्या त्या फेऱ्यांनाच. शनिवारचं कुठून आणणार?

@वादळवेडा, होतात. हिवाळ्यात वरचा जेट (उंचावरचा वेगवान वारा) जोरात असतो, खालच्या एका किलोमीटरात शिअर (उंचीनुसार वाऱ्याचा वेग-दिशा बदलणं) भरपूर मिळतो, मग ५०० वरही वादळ फिरू लागतं. बहुतेकदा सुटा सुपरसेल (एकटं फिरणारं मोठं वादळ) नसतो, स्क्वॉल लाइनमध्येच (वादळांच्या सलग रांगेत) छोटं वेटोळं पडतं, दोन रडार स्कॅनच्या मधे येऊन जातंही. मेक्सिकोच्या आखातावरची दमट हवा कुठवर चढते ते आधी बघा. दवबिंदू ६० फॅरनहाइटच्या वर गेला तर खेळ गंभीर.

खिडकीतून
विजा टिपायच्या तर ट्रायपॉड हवाच. आयएसओ ४०० पुरे.

निवांत
फोटो कसले काढताय? डिसेंबरात तिथे पाचच्या आत सूर्य मावळतो, मग अंधार. दाट झाडी, टेकड्या, आणि वादळ ताशी ५०-६० मैलांनी पळतं. १० डिसेंबर २०२१ ला केंटकीतल्या मेफील्डवर टोर्नेडो आला तो रात्रीच. १६५ मैल चालला, ५७ माणसं गेली. मी तर म्हणेन जाऊच नका.

गारपीट
त्या रात्री केप ५०० नव्हतं, हिवाळ्याच्या मानाने चिकार होतं. उगाच भलतं उदाहरण देऊ नका.

निवांत
अंधार तोच होता ना?

खिडकीतून
भाड्याच्या गाडीवर गारा पडल्या तर विम्यात बसतं का? कुणाला अनुभव?

वादळवेडा
विम्याचा वेगळा धागा काढा हो! टुपेलो, मिसिसिपी. मॉडेल जीएफएस. १८ झेड, सरफेस-बेस्ड, दवबिंदू ५७.

ढगोबा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. १८ झेडचा रन, की १८ झेडला लागू असलेला आकडा?

वादळवेडा
लागू असलेला.

ढगोबा
मग तो तिथल्या भर दुपारी बाराचा आकडा आहे! फ्रंट (थंड हवेची आघाडी) किती वाजता पोचतोय? ०० आणि ०३ झेडची, म्हणजे तिथल्या संध्याकाळी सहा आणि रात्री नऊची साउंडिंग (उंचीनुसार तापमान-ओलाव्याचा आलेख) काढा. दवबिंदू चढत असेल तर संध्याकाळचं चित्र निराळं. सकाळचा पाऊस रेंगाळून खाली गार थर राहिला, तर सरफेस-बेस्ड शून्यावर येईल आणि तुम्ही नुसते पावसात गाडी हाकाल. हॉजोग्राफही (उंचीनुसार वारा दाखवणारा आलेख) इथे टाका.

वादळवेडा
०० झेडला दवबिंदू ६२ दाखवतंय. अर्ज टाकला. हॉजोग्राफ कुठून डाउनलोड करायचा?