पक्षाघातानंतरचा व्यायाम आणि नाडीचा आकडा

फिजिओथेरपी चालू असताना हृदयाची गती वाढवणारा वेगळा व्यायाम कशाला, असा प्रश्न पक्षाघातातून सावरणाऱ्यांना पडू शकतो. हातापायांच्या व्यायामाने हालचाल सुधारते, परंतु त्यात नाडी पुरेसा वेळ वाढलेली राहतेच असे नाही. शिवाय एक बाजू कमजोर असलेल्या व्यक्तीला तेवढेच अंतर चालायला अधिक ऊर्जा लागत असल्यामुळे दमसास वाढवणे ही तिच्या रोजच्या वावराची गरज असते. रक्तदाबही उतरण्यास मदत होते, आणि पुन्हा पक्षाघाताचा झटका येण्यामागे उच्च रक्तदाब हे प्रमुख कारण असते. अशा व्यायामाने स्मरणशक्तीलाही लाभ होतो असे म्हटले जाते, तो मात्र माझ्या मते माफकच धरावा.

अशा व्यायामाची सर्वसाधारण शिफारस आठवड्यातून ३ ते ५ दिवस, २० ते ६० मिनिटांची आहे; आरंभी ५-१० मिनिटांचे तुकडेही चालतात. बीटा ब्लॉकर गोळ्या (रक्तदाब व हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या) नाडी दाबून ठेवतात, त्यामुळे त्या घेणाऱ्यांनी स्मार्ट घड्याळावरील नाडीच्या आकड्यावर विसंबू नये. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत धाप योग्य समजावी. तोल जात असल्यास पाठीला आधार असलेली स्थिर सायकल बरी. डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी आधी करून घ्यावी, आणि छातीत दुखल्यास किंवा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे.