रोम-फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये साडी चालते का? मदत हवी आहे

जुलैत आई-बाबांना घेऊन इटलीला जातोय. सेंट पीटर्स बॅसिलिका, सिस्टीन चॅपल आणि फ्लॉरेन्सचा ड्युओमो नक्की बघायचेत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, पुरुषांनी आत टोपी काढायची, हे सगळं वाचून झालंय. टूरवाल्याला विचारलं तर ‘डीसेंट कपडे घाला’ एवढंच म्हणाला, त्यामुळे ‘एजंटला विचारा’ असं कृपया सांगू नका.

अडचण साडीची आहे. आई प्रवासातही साडीच नेसते. पंजाबी ड्रेसचा प्रस्ताव घरी केव्हाच फेटाळला गेलाय. ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत आहेत, म्हणजे खांद्यांचा प्रश्न नाही. पण कंबर थोडी दिसतेच, आणि त्याबद्दल नियमांत एक अक्षर नाही. त्या उन्हात दिवसभर शाल पांघरणं तिला जमणार नाही. मधे हॉटेलवर येऊन कपडे बदलायलाही वेळ नाही.

बायकोचे कुर्ते स्लीव्हलेस आहेत, वर स्टोल घेईल. पण ती सेंट पीटर्सच्या घुमटावर चढणार (लिफ्टने गेलं तरी ३२० पायऱ्या उरतातच), तेव्हा स्टोल पिन करावा लागेल बहुतेक. बाबांची थ्री-फोर्थ गुडघ्याखाली येते, ती चालेल असं धरून चाललोय.

ड्युओमोच्या नियमांत सँडलही नको म्हटलंय. टाचदुखीमुळे आई पट्ट्याची सँडलच घालते.

प्रत्यक्ष साडी नेसून गेलेल्या कुणी सांगाल का: पदर पिन करून कमरेभोवती घेतला की सोडतात, की दारावर अडवतात? आणि फ्लॉरेन्सला सँडलवरून खरंच कुणी हटकतं का?