मदत हवी आहे: सारसाचं घरटं मुलांना किती अंतरावरून दाखवावं?

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत शिकवतो. शाळेपासून दीड किलोमीटरवर धानाच्या बांधीत (भातखाचरात) सारसाच्या जोडीने घरटं केलंय. दोन अंडी आहेत, म्हणजे उबवणी महिनाभर चालेल. पिल्लं एक-दोन दिवसांतच घरटं सोडून आईबापामागे निघतात, त्यामुळे आठवीच्या २८ मुलांना दाखवायचं तर आत्ताच.

वनरक्षकांना कळवलंय. ‘लांबूनच बघा’ म्हणाले, पण लांब म्हणजे किती? परवा एकटाच पाळीवरून (शेताच्या बांधावरून) गेलो, तर साधारण शंभर पावलांवर असताना बसलेला पक्षी उठून उभा राहिला. लगेच मागे फिरलो. शेतमालक सज्जन आहेत, अंड्यांना हात लावलेला नाही; मात्र पोरांनी धान तुडवू नये एवढीच त्यांची अट, आणि ती रास्तच आहे.

दुर्बीण एकच आहे. ड्रोन वापरायचा नाही, फोटोसाठी जवळ जायचं नाही, जागा इथे सांगणार नाही (कृपया विचारूही नका). जवळच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर बेशरम हे तण किती पसरलंय, विजेच्या तारा कुठून जातात, याची नोंद मुलं एरवीही करतातच, तेव्हा घरटं टाळूनही अभ्यास होईल.

सारस गणनेत काम केलेल्यांना विचारतो: पाच-पाचच्या गटाने नेलं तर उघड्या बांधीत किमान किती मीटरवर थांबावं, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी? की उबवणी संपेपर्यंत मुलांना नेऊच नये?