घरी रेकॉर्ड केलेले अहिराणी रॅप व्होकल्स मिक्स करायला शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

पारोळा_बार्स
नमस्कार मंडळी, अहिराणीत रॅप लिहितो, लिहिणं बरं चाललंय पण मिक्सिंगचं काहीच येत नाही. लॅपटॉप, माइक जोडायचा इंटरफेस, स्वस्तातला कंडेन्सर माइक आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर एवढं सामान आहे. बीट नेटवरून लीजवर (वापरायच्या परवान्यावर) घेतलंय, एमपीथ्री, ९० बीपीएम (मिनिटाला ९० ठोके). रेकॉर्ड केलेला आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, बीट लावलं की शब्द बुडतात आणि आवाज वर केला तर तो बीटपासून सुटा पडतो. धुळ्या-जळगावच्या पोरांना शब्द न शब्द कळला पाहिजे भो, अहिराणी आहे, शब्दच गेला तर मग काय राहिलं. कोणता प्लगिन (रीपरमध्ये आवाजावर लावायचं छोटं सॉफ्टवेअर) घेऊ? पैसे फार नाहीत.

भुसावळ_जंक्शन
प्लगिन नंतर भाऊ, आधी खोली. स्लॅबचं घर, खाली फरशी, भिंती मोकळ्या, कोपऱ्यात लोखंडी कपाट असणारच, तो विहिरीचा आवाज तिथूनच येतोय आणि मिक्सिंगमध्ये तो काढता येत नाही, थोडाफार दडपता येतो एवढंच. घरातल्या कापसाच्या गाद्या-गोधड्या काढ. सगळे माइकच्या मागे लावतात पण कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा माइक मागचं कमी ऐकतो, तो तुझ्या तोंडाकडे बघतोय म्हणजे तुझ्या पाठीमागची भिंतही त्याला ऐकू येते, तर जाड गादी तुझ्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना उभी कर. माइकपासून वीतभर लांब, मध्ये पॉप फिल्टर. कूलर-पंखा बंद, उन्हाळ्यात आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत ते शक्य नाही म्हणून पहाटे रेकॉर्ड कर, तेव्हा रस्ताही शांत असतो. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर करून बघ, अर्थिंग नसलं की ५० हर्ट्झचा हम येतो आणि त्याच्या वर १०० वर पण येतो. लेव्हल २४ बिटवर ठेवून पीक (आवाजाचं सगळ्यात वरचं टोक) उणे १० ते १२ डीबीच्या आसपास राहू दे, लाल दिव्यापर्यंत न्यायची काही गरज नाही.

रातपाळी_मिक्स
वरच्या भाऊंनी बरोबर सांगितलं. आता मिक्सिंगचं. पहिलं काम बीट ६ ते ८ डीबी खाली घे, लीजचं बीट आधीच मास्टर करून फुल्ल दाबलेलं असतं, त्याच्यावर आवाज चढवायला जागाच नसते. जमलं तर बीटवाल्याकडून वेव्ह फाइल किंवा वेगवेगळे ट्रॅक घे, थोडे पैसे जास्त जातील पण प्लगिनवर घालवण्यापेक्षा तिथे घाल. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, नंतरचं वैयक्तिक लायसन्स ६० डॉलर, आणि त्याच्यासोबत येणारे रीआ-ईक्यू (ईक्यू, आवाजातले जाड-बारीक पट्टे कमीजास्त करणारा) आणि रीआ-कॉम्प (कॉम्प्रेसर, मोठा आवाज आपोआप दाबणारा) शिकायला भरपूर झाले.
प्लगिन लावायच्या आधी एकेक ओळ ऐकून ज्या ओळी दबल्यात त्या हाताने वर कर, ज्या ओरडतायत त्या खाली. कंटाळवाणं काम आहे पण खरं मिक्सिंग इथेच होतं असं माझं ठाम मत आहे. मग ईक्यूत ८०-१०० हर्ट्झच्या खालचं काप, २०० ते ४०० मध्ये जिथे आवाज कोंदट वाटतो तिथे २-३ डीबी कमी कर. कॉम्प्रेसर ४ ला १, अ‍ॅटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) ८०, सुई ४-५ डीबी हलेल एवढा. अ‍ॅटॅक एकदम शून्यावर नेऊ नको, त्याने क, ट, प यांचा पुढचा फटका मरतो आणि रॅपमध्ये सगळा जोर त्या फटक्यावर असतो. शब्द तरी बुडतायत वाटलं तर आवाज न वाढवता बीटमध्येच ३ किलोहर्ट्झच्या आसपास २ डीबी काप. आणि प्लगिन चालू-बंद करून बघताना दोन्ही वेळी आवाज सारखाच मोठा ठेव, नाहीतर जे मोठं ते चांगलं वाटतं आणि कान फसतात.

पारोळा_बार्स
खूप आभार दादा. एक अजून, डी-एसर (स-श चा टोचरा आवाज दाबणारा प्लगिन) ७ किलोहर्ट्झवर लावला तरी ओळीच्या शेवटी कानात टोचतं, असं का?

लाल_मिरची_नंदुरबार
कारण तुझी अहिराणी. आपली अर्धी वाक्यं 'शे' (आहे) नाहीतर 'शेतस' (आहेत) वर संपतात, आणि श चा जोर स पेक्षा खाली असतो, साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झमध्ये. नेटवरचे बहुतेक व्हिडिओ इंग्रजी रॅपचा स धरून ६-८ सांगतात, तिथे लावला की आपला श तसाच निसटतो. टीडीआर नोव्हा हा ईक्यू प्लगिन फुकट आहे, त्यात एक बँड (पट्टा) ४ वर डायनॅमिक, म्हणजे टोचेल तेव्हाच दाबणारा करून ठेव आणि दुसरा ७ वर, दोन्ही हलके. फार दाबलास तर 'शे' चं 'से' ऐकू येईल, आणि तिथे गावाकडचा माणूस लगेच ओळखतो की काहीतरी गडबड आहे. यमक 'शे' वर असेल तर प्रत्येक ठिकाणी हाताने २-३ डीबी खाली घेणं मला तर सगळ्यात बरं वाटतं. रेकॉर्ड करतानाही माइक तोंडाच्या जरा बाजूला ठेव, समोरची हवा थेट जात नाही.
डबल (तेच बोल परत रेकॉर्ड करून सोबत लावणं) घ्यायचं असेल तर फक्त यमकाच्या शब्दांवर, मुख्य आवाजाच्या बराच खाली, आणि डबलमधले स-श बिनधास्त कापून टाक, दोन श एकत्र आले की आणखी टोचतात. रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) शक्यतो नको, त्याऐवजी डिले (ठराविक वेळाने परत येणारा प्रतिध्वनी). ९० बीपीएमला एक ठोका ६६७ मिलिसेकंद, अर्धा ३३३, तो ओळीच्या शेवटच्या शब्दावरच टाक.

भुसावळ_जंक्शन
सरावासाठी केंब्रिज म्युझिक टेक्नॉलॉजीच्या साइटवर मल्टीट्रॅक (गाण्यातले वेगवेगळे ट्रॅक) फुकट मिळतात, त्यात हिपहॉप पण आहे. दुसऱ्याचं नीट रेकॉर्ड झालेलं गाणं मिक्स केलं की कळतं आपली अडचण मिक्सिंगची आहे की खोलीची. लाउडनेसच्या मागे लागू नको, स्पॉटिफाय सगळी गाणी उणे १४ लफ्सच्या (लफ्स म्हणजे आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) आसपास आणून वाजवतं, तू ट्रू पीक उणे १ डीबीवर थांब. मिक्स झालं की मोबाइलच्या स्पीकरवर ऐक, आणि ज्याने तुझे बोल वाचलेले नाहीत अशा कुणाला तरी एकदाच ऐकव आणि काय कळलं ते सांगायला लाव. जी ओळ त्याला सांगता आली नाही तिथे परत जा. कच्चा ट्रॅक आणि मिक्स दोन्ही इथे टाक, आम्ही ऐकून सांगतो.