माणसं आधी की इमारत आधी?

मुलुंडकर:
रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाचा विषय निघाला आणि कळलं, जमीन अजून बिल्डरच्याच नावावर आहे. ३१ वर्षं झाली, कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं, झालंच नाही! माझ्या कपाटात शेअर सर्टिफिकेट आहे: पन्नासचे पाच शेअर, मागच्या रकान्यात आधीच्या दोन सभासदांखाली माझं नाव. त्यालाच मी मालकी समजत होतो.

१९१२च्या कायद्याने पतसंस्थांपलीकडच्या सहकाराला वाट मिळाली आणि १९१५ साली मुंबईच्या गावदेवीत सारस्वत सोसायटी उभी राहिली, श्रीपाद तालमकींच्या पुढाकाराने. तिथे माणसं आधी जमली, इमारती संस्थेच्या, सभासद संस्थेचेच भाडेकरू. आपल्याकडे उलटं. बिल्डरने बांधून हातात ठेवलेल्या सोसायटीला 'सहकारी' म्हणणंच मला पटत नाही.

सदाशिवची लेक:
साफ नामंजूर. ती माणसं जमली कशी? एका ज्ञातीची होती म्हणून. बाबांना घर शोधताना दोन सोसायट्यांनी आडनाव विचारून परत पाठवलं होतं. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयानेही अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करणारा उपविधी उचलून धरला. आमच्या आत्ताच्या मजल्यावर चार घरं, चार मातृभाषा. बिल्डरने पैसे मोजून घेतले, जात नाही विचारली. मला हाच सहकार हवा.

मुलुंडकर:
आडनावाचं मान्य, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण ज्ञाती वजा करूनही आधी एकत्र यायचं तत्त्व उरतंच ना?

जुना सेक्रेटरी:
उरतं, पण जमीन कुठून आणणार? १९४७च्या भाडेनियंत्रणाने भाडी गोठली, चाळी बांधणं मालकांना परवडेना, मग ओनरशिप फ्लॅट आले. त्यातली फसवणूक रोखायला १९६३चा मोफा कायदा झाला. सोसायटी नोंदल्यावर चार महिन्यांत कन्व्हेयन्स द्यायचं, हे त्याच्याच नियमांत आहे. बिल्डरने दिलं नाही आणि आपण मागितलं नाही. बारा वर्षं सेक्रेटरी होतो, गळतीवर तासन्‌तास भांडलो, कन्व्हेयन्सचा विषय अजेंड्यावर एकदाही घेतला नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

२००८च्या दुरुस्तीपासून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, मिळतं. जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करा. नोटीस देऊनही बिल्डर आला नाही, तरी आदेश होतो.

सदाशिवची लेक:
आणि त्या अर्जावर भाडेकरूंचंही मत घ्या. आमच्याकडे त्यांना सभेच्या दारातही उभं करत नाहीत.

मुलुंडकर:
मत कायद्याने सभासदांचंच. पण सभेला बोलावतो. बिल्डरचा करारनामा शोधायला घेतलाय, पहिल्या सभासदांपैकी एक काकू अजून तळमजल्यावर आहेत.