६ पोरांपर्यंत प्रोग्राम चालतोय, ७ वा टाकला की उडतोय. मॅलॉकमध्ये (सी भाषेत मेमरीतली जागा मागायचं फंक्शन) काय चुकतंय?

बाळीवेस_बीसीए

नमस्कार मंडळी, बीसीए दुसरं वर्ष, सोलापूर. कॉलेजच्या लॅबला टर्बो सी (जुना सी कंपायलर) आहे, तिथं हा प्रोग्राम एकदम व्यवस्थित चालला, जर्नलवर सही पण झाली. घरी लॅपटॉपवर उबुंटू टाकलंय म्हणून तोच प्रोग्राम जीसीसीवर (लिनक्सवरचा सी कंपायलर) घेतला, टर्बोवालं कोनिओ आणि क्लिअरस्क्रीन काढलं, कंपाइल झाला, एक एरर नाही. आता गंमत बघा, ६ पोरांचा डेटा टाकला की मस्त चालतोय, ७ टाकले की सगळ्यांचे मार्क नीट घेतो आणि नावं विचारायला लागला की मधेच बंद, "सिसमॅलॉक, असर्शन फेल्ड, अबॉर्टेड" असं कायतरी लांबलचक येतं. कधी पहिल्याच नावाला उडतो, कधी दुसऱ्या. नावाचा कोड मी चार वेळा खोडून नव्याने लिहिला, रात्रीचे दोन वाजले, घरचे वैतागले. नावाच्या भागातच लोच्या आहे ना?

महत्त्वाच्या ओळी (फोनवरून टाईप करतोय, समजून घ्या; एन म्हणजे पोरांची संख्या, बफर म्हणजे आत्ता टाईप केलेलं नाव):

गुण = (इंट *) मॅलॉक(एन * २);
— इथे लूप, स्कॅनएफने गुण[आय] घेतो
नाव[आय] = (कॅर *) मॅलॉक(स्ट्रलेन(बफर));
स्ट्रकॉपी(नाव[आय], बफर);

सात_रस्ता_सिग्नल

एन गुणिले २?? हे २ कुठनं आणलंस बे

बाळीवेस_बीसीए

इंट, म्हणजे पूर्ण आकडा, २ बाइटचा असतो ना दादा, नोट्समध्ये तसंच आहे. परीक्षेत पण तेच लिहितो आम्ही.

हुतात्मा_पकडणारी

सापडलं. नावाचा कोड सोड, तो बिचारा पंचनाम्याला उभा आहे फक्त, गुन्हा मार्कांच्या ओळीत झालाय.

टर्बो सी १६ बिटच्या डॉसवाला, तिथे इंट खरंच २ बाइट. तुझ्या उबुंटूवर जीसीसीत इंट ४ बाइट. ७ पोरांसाठी तू मागितलेस १४ बाइट, लागणार २८. आता तू म्हणशील मग ६ ला कसं चाललं, तिथे पण १२ मागून २४ वापरले की. तर ६४ बिट लिनक्सवरचा मॅलॉक कितीही कमी मागितलं तरी कमीत कमी २४ बाइट वापरता येतील एवढा तुकडा देतो. ६ चोक २४, बरोब्बर काठोकाठ भरलं, म्हणून तुला वाटलं बरोबर आहे. सातव्याचे ४ बाइट बाहेर सांडले, आणि तिथे लगेच पुढे मॅलॉकची स्वतःची नोंद असते, आपल्याकडे अजून किती जागा शिल्लक आहे त्याची. तू त्या आकड्यावर सातव्या पोराचे मार्क लिहून ठेवलेस!

समजा त्याला ४५ पडले. पहिल्या नावासाठी मॅलॉक हिशोब काढायला गेला तर शिल्लक ४५, हे कसं काय म्हणून तो तिथेच हात वर करतो. ७२ पडले असते तर पहिलं नाव निघालं असतं आणि दुसऱ्याला उडाला असता. करून बघ, मी आत्ता ऑफिसात चहाच्या वेळेत करून बघितलं, सेम.

२ काढ आणि असं लिही, साइझऑफ म्हणजे एका गुणाला किती बाइट लागतात ते कंपायलरच सांगतो:

गुण = मॅलॉक(एन * साइझऑफ(*गुण));

उद्या गुण फ्लोट केलास तरी ही ओळ बदलावी लागणार नाही. समोरचा (इंट *) हा कास्ट पण सी मध्ये लागत नाही, एसटीडीलिब घेतलेलं असलं की झालं.

सात_रस्ता_सिग्नल

आणि स्ट्रलेनला अधिक १ कोण करणार, तो फक्त अक्षरं मोजतो, नाव संपल्याची खूण म्हणून लागणारा शेवटचा शून्य कुठे ठेवणार? आत्ता चालतंय कारण परत तेच, २४ चा तुकडा. २३ अक्षरांच्या नावापर्यंत कळणार पण नाही, २४ चं नाव आलं की शून्य बाहेर पडला. आणि २५ चं आलं की परत काही होणार नाही कारण तुकडा मोठा मिळतो 😂 असले बग शोधताना माणूस म्हातारा होतो. आपल्या पूर्व भागातली आडनावासकट पूर्ण नावं टाकून टेस्ट कर, सापडेल.

चादर_आणि_कोड

मी पोरांना शिकवतो, हे रोजचं आहे. डोळ्याने शोधत बसू नकोस, कंपाइल करताना मागे -g आणि -fsanitize=address लाव, चुकीच्या जागी लिहिलं की तो पकडतो. ६ पोरांवर पण चौथ्या मार्कालाच पकडतो आणि ओळ नंबर दाखवतो, तू रात्रभर जे नावात शोधत होतास ते. -Wall (कंपायलरच्या वॉर्निंग दाखवणारं) कायम लावायचंच, पण एन * २ ला ते काही बोलणार नाही, त्याच्या दृष्टीने तो फक्त गुणाकार.

टर्बोवर विसंबू नका हे मी घसा कोरडा करून सांगतो. डॉसमध्ये मेमरीला राखणदारच नाही, नलवर, म्हणजे कुठल्याच जागेचा पत्ता नसलेल्या पॉइंटरवर, लिहिलं तरी प्रोग्राम पुढे पळतो आणि संपल्यावर "नल पॉइंटर असाइनमेंट" म्हणून एक ओळ टाकतो, ती पोरं वाचत नाहीत.

आणि फ्री केल्यावर, म्हणजे मॅलॉकची जागा परत दिल्यावर, पॉइंटर (त्या जागेचा पत्ता) नल कर. जानेवारीत होम मैदानावर गड्डा यात्रा भरते, भज्याच्या स्टॉलचा पत्ता तुझ्याकडे चिठ्ठीवर आहे. यात्रा उठते, चिठ्ठी खिशात तशीच. मार्चमध्ये ती घेऊन गेलास तर मैदान आहे, भजी नाहीत, कदाचित दुसऱ्याच कुणाचा मांडव.

हुतात्मा_पकडणारी

सर उदाहरण भारी, पण नल केलं म्हणजे फक्त आपल्या खिशातली चिठ्ठी फाडली. मित्राने तिची झेरॉक्स काढून ठेवली असेल तर तो मार्चमध्ये जाणारच. एकाच जागेकडे दोन पॉइंटर असले की नलचा भरवसा नाही, फ्री कोणी करायचं ते आधी ठरवायला लागतं.

बाळीवेस_बीसीए

ताई, दादा, सर, झालं!! साइझऑफ टाकलं, अधिक १ टाकलं, ६० पोरांचा डेटा टाकला, काही नाही झालं. मग सॅनिटाइझ लावून चालवलं तर शेवटी लाल अक्षरात लीक लीक (घेतलेली जागा परत दिली नाही) येतंय, ६१ जागा म्हणतोय. आणि एक शंका, प्रॅक्टिकल परीक्षा टर्बोवरच आहे, तिथे साइझऑफ चालतं ना? सर कापतील का मार्क?

सात_रस्ता_सिग्नल

चालतं की. तिथे २ देतं, इथे ४ देतं, त्याच्यासाठीच तर आहे ते.

६१ म्हणजे ६० नावं आणि १ गुण. लूप लावून सगळी नावं फ्री कर, मग गुण. आणि झोप आता.