शब्दचर्चा : रेझिन 'सुकतं' की 'आळतं'?

वाक्यवेध : कॉलमला कार्बन फायबरचं कापड इपॉक्सी या रेझिनने (चिकट, घट्ट होणाऱ्या द्रवाने) गुंडाळण्याची कार्यपद्धती मराठीत लिहितोय. रेझिन घट्ट होण्याला इंग्रजीत 'क्युरिंग' म्हणतात, पण 'क्युरिंग करा' लिहावं तर साइटवर क्युरिंग म्हणजे पाणी मारणं. कच्च्या इपॉक्सीवर पाणी पडलं की पांढुरका, तेलकट थर येतो आणि पुढचं कापड धरत नाही. म्हणून 'सुकू द्या' लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी ते खोडलं.

साचेकार : योग्यच केलं. पाणी किंवा थिनर उडून जातं तेव्हा वस्तू सुकते. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनरचे (ते घट्ट करायला मिसळतात त्या द्रवाचे) रेणू एकमेकांत गुंफले जातात, उडत काही नाही. 'सुकू द्या' वाचलेला माणूस पंखा लावेल किंवा लवकर व्हावं म्हणून हार्डनर वाढवेल. जादा हार्डनर तसाच उरतो आणि थर मऊ राहतो.

लोकबोली : कारागीर 'सुकलं'च म्हणतात आणि एकमेकांना कळतंही. आणि उडत काही नाही कसं? पॉलिएस्टर रेझिनमधून त्यातलं स्टायरीन हे रसायन उडतं, वासच येतो.

साचेकार : ते उडणं हा तोटा आहे! स्टायरीनच तर साखळ्या जोडतं. पॉलिएस्टरचा वरचा थर चिकट राहतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळे. त्यासाठी मेण घालतात, तेही फक्त शेवटच्या थरात. मधल्या थरात घातलं तर वरचा थर सुटतो.

तंतुवाय : इथे दोन शब्द हवेत. आधी रेझिन आळतं. त्यानंतर रोलर फिरवायचा नाही, तंतू सरकतात. मग ते पक्कं होत जातं. पल्ट्रुजनमध्ये, म्हणजे रेझिनमध्ये भिजवलेले तंतू साच्यातून ओढून सळ्या वगैरे घडवताना, आळणं तापलेल्या डायच्या (साच्याच्या) आतच व्हायला हवं. ओढण्याचा वेग वाढला की गाभा कच्चा राहतो आणि बाहेर आल्यावर तडकतो.

लोकबोली : पल्ट्रुजनला 'कर्षघडण' कसं वाटतं?

तंतुवाय : जड आहे. 'ओढघडण' म्हणा, तंतू ओढत नेऊनच आकार देतात. अशी सळी साइटवर वाकवता येत नाही, भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर चढत नाही तसं. सळ्यांभोवतीच्या रिंगा रेझिन पक्कं होण्याआधी कारखान्यातच वळवाव्या लागतात, आणि वळणाशी ताकद बरीच घटते.

वाक्यवेध : 'पक्कं झालं' हे ओळखायचं कशावरून? बोटाला टणक लागलं की झालं?

साचेकार : नाही. काचसंक्रमण तापमान मोजा, म्हणजे ज्याच्या वर पक्कं रेझिनही मऊ पडू लागतं ते तापमान. साध्या हवेत पक्क्या झालेल्या इपॉक्सीचं ते साधारण ६० ते ८२ अंश सेल्सिअस असतं, आणि वापरातलं तापमान त्याच्या किमान १५ अंश खाली ठेवावं असं एसीआय ४४०.२आर (अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची मार्गदर्शिका) सांगतं.

लोकबोली : मान्य. तरी माझं मत 'सुकणं'लाच. खाली 'पाणी मारू नये, हार्डनर मोजूनच घ्यावा' अशी ओळ घाला.